डाउनटाऊनमध्ये नवीन घरं, शाळेत जागा नाही: सही करू की नको?

निळीशाई

नमस्कार मंडळी. येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या शहराच्या प्लॅनिंग कमिशनची, म्हणजे बांधकामांचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समितीची, बैठक आहे. त्याआधी नव्या घरांना विरोध करणाऱ्या एका कागदावर सही करायची की नाही हे ठरवायचं आहे, आणि चार दिवस झाले तरी माझं ठरत नाही. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बेमधलं उपनगर आहे, एवढं पुरे.

आम्ही २०२१ मध्ये इथे टाऊनहाऊस घेतलं ते शाळेसाठीच. स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभं राहिलं की शाळेचा झेंडा दिसतो, घंटा ऐकू येते. यंदा मुलगी किंडरगार्टनला. नोंदणी सुरू झाली त्याच आठवड्यात सगळे कागद दिले होते. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना ईमेल आला, की या शाळेतल्या तुकड्या भरल्या आहेत, तुमच्या मुलीला चार मैलांवरच्या शाळेत जागा दिली आहे, इथल्या वेटलिस्टवर तिचा नंबर अकरा.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिला गाडीत बसवून पट्टा लावत असते तेव्हा समोरच्या शाळेची पहिली घंटा होते. पहिले काही दिवस ती विचारायची, "आई, आपली घंटा झाली, आपण उलटीकडे का जातोय?" आता विचारत नाही, आणि ते मला जास्त लागतं. पुढच्या वर्षी धाकटा टीकेला, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीच्या इयत्तेला, जाईल. दोघं दोन शाळांत गेली तर एकाला कोणीतरी उशिरा सोडणारच.

शाळेची अवस्था बाहेरूनही कळते. आम्ही आलो तेव्हा मैदानाच्या कडेला चार पोर्टेबल, म्हणजे आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्यांतले, वर्ग होते, आज नऊ आहेत. मुलांची धावायची जागा त्यांनीच खाल्ली. शेजारचा मुलगा सांगतो की त्याच्या वर्गाची जेवणाची सुट्टी पावणेअकराला होते, कारण सगळे एकदम बसतील एवढी बाकंच नाहीत.

आता कागदाचं. स्टेशनजवळ जुना स्ट्रिप मॉल आहे. फर्निचरचं दुकान बंद पडून तीन वर्षं झाली, उरलंय ते मोठं रिकामं पार्किंग. तिथे पाच मजली इमारत येणार, २८० फ्लॅट, खाली दुकानं, त्यातली ४२ घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी. आमच्या रस्त्यावरच्या एक आजी घरोघरी अर्ज घेऊन फिरताहेत: "शाळांत जागा होईपर्यंत डाउनटाऊनमध्ये एकही नवीन घर नको." त्यांचा नातू पोर्टेबलमध्ये बसतो. माझी गोष्ट ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेन माझ्या हातात होतं.

सही केली नाही, कारण मुलीच्या बाई आठवल्या. ओळखीच्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या की त्या ट्रेसीहून, डोंगरापलीकडच्या गावाहून, येतात. पहाटे पाचला निघायचं, ५८० हायवेवरून आल्टामाँट घाटातल्या पवनचक्क्या ओलांडायच्या, आणि साडेसहाला पोचलं की शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीतच अर्धा तास डोळा लावायचा. इथे भाडं परवडत नाही. त्यांच्या दोन मैत्रिणी या प्रवासापायीच गेल्या वर्षी नोकरी सोडून गेल्या. मग ती २८० घरं नकोत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि एक शंका आहे, बाळबोध वाटली तरी विचारते. त्याच इमारतीत खाली दुकानांऐवजी दोन-चार वर्ग का काढत नाहीत? आपल्याकडे महापालिका बांधकामाला परवानगीही देते आणि शाळाही चालवते. इथे शहराला हे सांगता येत नाही का?

बोलायला दोन मिनिटं मिळतात. काय बोलू?

जुनाझाड

ताई, बिनदिक्कत सही करा. मी १९९४ पासून याच भागात आहे. आमच्या वस्तीमागे टाऊनहाऊस बांधले तेव्हा नकाशात हिरव्या रंगात शाळेचा प्लॉट दाखवला होता. तो नकाशा आम्ही हॉलमध्ये बसून डोळ्यांनी पाहिला. घरं झाली, विकली गेली, शाळा झालीच नाही. शाळेकडे बांधायला पैसे नाहीत म्हणून काही वर्षांनी तो प्लॉटही विकला आणि तिथे आणखी घरं आली. माझ्या धाकट्याने पाचवीपर्यंतची सगळी वर्षं पोर्टेबलमध्ये काढली. पावसात छतावर असा आवाज व्हायचा की बाई शिकवणं थांबवून मुलांना चित्रं काढायला सांगायच्या.

घरं आधी आणि शाळा नंतर, असं म्हटलं की ते "नंतर" येत नाही. घरांना मी विरोध करत नाही. क्रम बदला, एवढंच म्हणतो.

नकाशेवाला

मी बे एरियातल्याच एका दुसऱ्या शहराच्या प्लॅनिंग खात्यात काम करतो. जुनाझाड काका म्हणतात तो राग मला रोज काउंटरवर ऐकू येतो आणि तो खोटा नसतो. पण हा अर्ज ज्या दारावर नेऊन ठेवताय, त्या दाराला कॅलिफोर्नियाने १९९८ मध्येच कुलूप घातलं आहे.

त्या वर्षीच्या एसबी ५० या कायद्याप्रमाणे शाळांत जागा नाही हे कारण देऊन शहराला घरबांधणीचा प्रस्ताव नाकारता येत नाही. बिल्डरने ठरलेली शाळा-फी भरली की कायद्याच्या दृष्टीने शाळांवरच्या परिणामाची पूर्ण भरपाई झाली असं धरलं जातं. त्याच्या जोडीला हाऊसिंग अकाउंटेबिलिटी ॲक्ट आहे, १९८२ पासूनचा. नियमात बसणारा प्रकल्प शहराने असाच फेटाळला तर ते कोर्टात उभं राहतं आणि बहुतेकदा हरतं. मंगळवारी कमिशनर मान डोलावतील, सहानुभूती दाखवतील, आणि त्यांचे वकील त्यांना हेच सांगतील.

ही फी किती? २०२४ साली ठरलेला पहिल्या पातळीचा, म्हणजे मूळ, दर चौरस फुटाला ५.१७ डॉलर होता. फ्लॅट सरासरी ८५० चौरस फुटांचा धरला तर घरामागे सुमारे ४,४०० डॉलर, २८० घरांचे सव्वाबारा लाखांच्या आसपास. प्राथमिक शाळा बांधायला आज कोट्यवधी डॉलर लागतात. म्हणजे काका, तुमच्या त्या प्लॉटवर शाळा का झाली नाही याचं उत्तर बऱ्याच अंशी या आकड्यांत आहे. बाकीचा पैसा बाँडमधून, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जातून, उभा करावा लागतो. शाळेच्या बाँडला २००० सालच्या प्रॉपोझिशन ३९ पासून (प्रॉपोझिशन म्हणजे राज्यातल्या मतदारांनी थेट मत देऊन केलेला कायदा) ५५ टक्के मतं पुरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजं मिळून एक हजार कोटी डॉलरचा बाँड मंजूर केला, पण त्यातला वाटा मिळवायला स्थानिक पैसा आणि तयार नकाशे लागतात.

ताई, तुमची शंका बाळबोध मुळीच नाही. आपल्याकडच्यासारखं इथे नाही. शहर चालवणारं सिटी काउन्सिल वेगळं, सरकारी शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं. दोघांची निवडणूक वेगळी, तिजोरी वेगळी. कित्येकदा सीमाही जुळत नाहीत. दुकानाच्या गाळ्यात सरकारी शाळेचे वर्ग न भरण्याचं कारण त्याहून जुनं आहे. मार्च १९३३ मध्ये लाँग बीचला भूकंप झाला, त्यात शाळांच्या इमारती कोसळल्या. सुदैवाने तेव्हा शाळा सुटलेल्या होत्या. महिन्याभरात फील्ड ॲक्ट आला. तेव्हापासून सरकारी शाळेची इमारत राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून तपासून घ्यावी लागते आणि तिचे भूकंपाचे नियम साध्या इमारतीपेक्षा कडक असतात. साध्या व्यापारी गाळ्यात वर्ग टाकणं म्हणूनच जमत नाही. हा नियम सैल व्हावा असं मला कधीच वाटलेलं नाही.

मग शहर काहीच करू शकत नाही का? करू शकतं, पण नकार देऊन नाही, वाटाघाटी करून. फ्रीमाँटचं बघा. १९५६ मध्ये पाच गावं एकत्र करून झालेलं शहर, त्यामुळे त्याला स्वतःचं डाउनटाऊनच नव्हतं, ते आता बांधलं जातंय. २०२३ ते २०३१ या काळात राज्याने त्या शहराला १२,८९७ घरांचं उद्दिष्ट दिलं आहे. तिथल्या वॉर्म स्प्रिंग्ज भागातलं बार्ट या लोकल रेल्वेचं स्टेशन मार्च २०१७ मध्ये सुरू झालं, भोवती हजारो घरं आली, आणि २०१९ मध्ये त्या नव्या वस्तीत नवी प्राथमिक शाळाही उघडली. फ्लॅट आणि शाळा यांचा विचार एकाच वेळी झाला, म्हणून ते जमलं. एका २८० घरांच्या इमारतीकडे तेवढी ताकद नसते. पण सगळ्या डाउनटाऊनचा आराखडा होतो तेव्हा शहर शाळावाल्यांना टेबलाशी बसवू शकतं. तुमच्या शहराचा असा आराखडा कधीचा आहे ते बघा.

तुमच्या बाईंसाठीही एक गोष्ट. डेली सिटीत एका हायस्कूल डिस्ट्रिक्टने स्वतःच्या जागेवर शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी १२२ घरं बांधली, २०२२ मध्ये लोक राहायला गेले. मतदारांनी त्यासाठी २०१८ मध्ये बाँड दिला होता. हा मुद्दा दोन मिनिटांत बसतो.

हजेरीपट

निळीशाई, मी साऊथ बेमधल्या एका डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात नावनोंदणीचं काम करते. तुम्हाला आला तसा ईमेल दर ऑगस्टला मी पाठवते. तुमची पोस्ट वाचून आज जेवण गेलं नाही. ईमेलच्या पलीकडे काय असतं ते इतकं जवळून क्वचितच वाचायला मिळतं.

तुमच्या शाळेत जागा का नाही याचं उत्तर बहुधा डाउनटाऊनमध्ये नाही, तुमच्या रस्त्यावर आहे. माझ्यासमोर पत्ते येतात म्हणून सांगते. स्टुडिओ आणि एक बेडरूमच्या फ्लॅटमधून किंडरगार्टनची मुलं फारच थोडी येतात. येतात ती चाळीस-पन्नास वर्षं जुन्या, तीन बेडरूमच्या बैठ्या घरांतून. तिथे आजी-आजोबा राहत होते, मुलं कधीच मोठी होऊन गेलेली. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे त्यांचा घरावरचा कर जुन्याच पातळीवर अडकलेला, म्हणून ते घर सोडत नव्हते. २०२० मध्ये प्रॉपोझिशन १९ आलं. पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाला आता तो कमी कर घेऊन राज्यात कुठेही जाता येतं. त्यांनी घर विकलं की घेणारं जोडपं तिशीचं, दोन मुलं किंवा एक आणि एक पोटात. एकही नवी वीट न लावता एका गल्लीत पाच मुलं वाढतात, आणि यावर कोणी सुनावणी घेत नाही.

दुसरं कारण टीके. यंदापासून, म्हणजे २०२५-२६ पासून, राज्यातल्या प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला सरकारी शाळेत जागा द्यायची आहे. एक संपूर्ण नवीन इयत्ता त्याच भिंतींत बसवायची. तीही साध्या वर्गात नाही. नेहमीचा वर्ग ९६० चौरस फुटांचा धरतात, तुमच्या मैदानातला पोर्टेबलही तेवढाच असतो. किंडरगार्टन आणि टीकेच्या नव्या वर्गाला १,३५० लागतात, स्वच्छतागृह आत किंवा अगदी लागून. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. तुमच्या धाकट्याला पुढच्या वर्षी जी सोय मिळणार आहे, तिनेच यंदा मुलीच्या तुकडीची जागा घेतली असण्याची शक्यता आहे. निर्णय चांगलाच आहे, माझ्या भाचीला त्याचा फायदा झाला. खोल्या मात्र कोणी बरोबर पाठवल्या नाहीत.

साऊथ बेमधल्या कूपर्टिनो शहराचं उदाहरण आपल्या लोकांना ठाऊक असेल. व्हॅलको मॉलच्या जागी घरं नकोत म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं. शाळा भरून वाहताहेत हा त्यातला ठळक मुद्दा. २०१६ मध्ये मतपत्रिकेवर दोन परस्परविरोधी प्रस्ताव आले, दोन्ही पडले. २०१८ मध्ये मॉल पाडायला घेतला, जागा मोकळी राहिली. मधल्या काळात घरं इतकी महागली की लहान मुलांची कुटुंबं तिथे येईनाशी झाली, पटसंख्या उतरत गेली, आणि २०२२ मध्ये तिथल्या दोन प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. सबंध कॅलिफोर्नियात २०१९-२० मध्ये सरकारी शाळांत सुमारे ६१ लाख ६० हजार मुलं होती, २०२३-२४ मध्ये ५८ लाख ४० हजारांच्या आत आली. तरी तुमची शाळा भरलेली आहे, हेही खरंच.

याचा अर्थ असा, की तुमच्या शहरात कुठेतरी रिकामे वर्ग असणार. तुमच्या मुलीला जिथे पाठवलं तिथे किती मुलं आहेत? मंगळवारपेक्षा स्कूल बोर्डाची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या मंडळाची, बैठक महत्त्वाची. तिथे डेमोग्राफरचा, म्हणजे लोकसंख्येचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल मागा, तो सार्वजनिक असतो. त्यात प्रत्येक प्रकारच्या घरामागे किती मुलं निघतात त्याचा तक्ता असतो. मग विचारा, कुठली घरं कुठल्या शाळेकडे त्या हद्दीच्या रेषा शेवटच्या कधी आखल्या?

निळीशाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नकाशेवाला, फील्ड ॲक्टबद्दल काहीच माहीत नव्हतं. मॉलमध्ये वर्ग ही कल्पना मी लगेच सोडली.

हजेरीपट ताई, तुमचं वाचून काल बाबागाडी घेऊन आमच्या रस्त्याचा फेरा मारला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौतीस घरं. आम्ही आल्यापासून त्यातली सात विकली गेली, आणि सातही घरांपुढे लहान सायकल किंवा चॉकने काढलेली चित्रं. मोजताना लक्षात आलं की सातातलं एक घर आमचंच. माझ्या मुलीची जागा कोणी घेतली याचा मी महिनाभर हिशेब करत होते, आणि आमच्याआधी इथे राहणाऱ्या निवृत्त जोडप्याची मुलं शाळेत नव्हती हे एकदाही मनात आलं नाही.

दुसऱ्या शाळेचंही विचारलं. मुलीच्या वर्गात एकोणीस मुलं आहेत. शेजारची खोली रिकामी, तिथे जुनी बाकं रचून ठेवली आहेत. ती खोली मी रोज बघत होते.

काका, तुमचा प्लॉट डोक्यातून जात नाही. सही मी करणार नाही. पण कोणी काय कबूल केलं ते लिहून ठेवायचं, हे तुमच्याकडून घेते.

जुनाझाड

नका करू सही, माझी हरकत नाही. कूपर्टिनोचं वाचून मीही थोडा थबकलो. आमच्या रस्त्यावर हॅलोविनला पूर्वी दोन पिशव्या चॉकलेटं संपायची, आता एक उरते. माझी दोन्ही मुलं सॅक्रामेंटोकडे गेली, इथे घर घेणं त्यांना शक्यच झालं नाही. याचा त्या कागदाशी संबंध आहे हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

एकच सांगतो. बैठकीत जे काही आश्वासन मिळेल ते इतिवृत्तात आलं का, ते दुसऱ्या दिवशी तपासा. आम्ही ते केलं नाही.

निळीशाई

मंगळवारचं सांगते.

हॉल भरला होता. एकतीस जणांनी बोलायला नावं दिली, म्हणून अध्यक्षांनी दोन मिनिटांचं एक केलं. माझा नंबर चोविसावा. तोवर बोलायचं लिहून नेलं होतं त्यातलं अर्धं खोडलं. आधी कूपर्टिनो गेलं, मग फीचा हिशेब गेला. बाई ठेवल्या आणि रिकामी खोली ठेवली.

म्हणाले, की माझ्या मुलीला घरासमोरच्या शाळेत जागा मिळाली नाही, तरी मी या घरांच्या बाजूने बोलायला आले आहे, कारण तिला शिकवणारी व्यक्ती पहाटे पाचला आल्टामाँट ओलांडून येते. मग दोन मागण्या केल्या. डाउनटाऊनच्या आराखड्यावर शहराने आणि स्कूल डिस्ट्रिक्टने एकत्र बसावं आणि त्या बैठका लोकांसाठी खुल्या असाव्यात. आणि त्या ४२ घरांत दोन-तीन बेडरूमची किती आहेत ते आजच सांगावं, कारण कुटुंबं राहणार नसतील तर शाळेची चर्चा कशासाठी? लाल दिवा लागला तेव्हा शेवटचं वाक्य अर्धं राहिलं.

उत्तर मिळालं: ४२ पैकी फक्त सहा घरं तीन बेडरूमची. एका कमिशनरने ती वाढवता येतील का असं बिल्डरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला बघतो. काका, "बघतो" हा शब्द इतिवृत्तात यावा म्हणून मी आज सकाळी क्लार्कला ईमेल केला आहे. प्रकल्प पाच विरुद्ध दोन मतांनी पुढे गेला.

अर्जवाल्या आजी माझ्या मागच्याच रांगेत होत्या. मी बोलून आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर पार्किंगमध्ये मात्र त्याच थांबल्या होत्या. म्हणाल्या, त्या रिकाम्या खोलीचं खरं आहे का? मी फोनवर फोटो दाखवला, रचलेली बाकं, खिडकीतून काढलेला. त्यांनी तो मोठा करून दोनदा पाहिला आणि विचारलं, स्कूल बोर्डाची बैठक कधी असते?

पुढच्या गुरुवारी, साडेसहाला. आम्ही दोघी जाणार आहोत. हजेरीपट ताई, डेमोग्राफरचा अहवाल मिळाला, एकशे चार पानं आहेत. हद्दीचा नकाशा शेवटच्या भागात आहे, पण त्यातले रंगांचे गट मला नीट लागत नाहीत. रविवारी अर्धा तास फोनवर बसाल का माझ्याबरोबर? मुलं दुपारी दोनला झोपतात.

वेटलिस्टवर नंबर आता नऊ आहे.